शे

सिग्नल लाल होता. वेदिकाचा एक पाय पॅडलवर होता आणि एक रस्त्यावर, डाव्या गालात चिंचेची गोळी होती, आणि तेवढ्यात तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. तोंड तर बंद. आवाज येत होता बिटको चौकाकडून, खणखणीत, प्रत्येक शब्दाची कड कात्रीनं कापल्यासारखी, ‘भगिनींनो’मधल्या ‘भ’ला चांगलं गुबगुबीत पोट. बाई गं, कुणाचा एवढा छान आवाज, असं तिला अर्धा क्षण खरंच वाटलं. मग रिक्षा वळली. टपावर दोन भोंगे, मागे बाबांचा हात जोडलेला फोटो, फोटोतल्या कपाळावर कुणीतरी कम्प्युटरवर जरा जास्तच गंध लावलेलं. गोळी अख्खी गिळली गेली. ती घशात जिथे जिथे घासत खाली उतरली तिथे तिथे वेदिकाला एकेक गोष्ट कळत गेली. हे आपलं रविवारचं भाषण आहे, ते कुणीतरी रेकॉर्ड केलंय, आत्ता ते सुरुवातीला आहे, म्हणजे ‘ते’ वाक्य अजून यायचंय. सिग्नलवरचे आकडे उतरत होते आणि भाषण पुढे सरकत होतं, आणि दोघांत शर्यत लागली होती. एरवी नाशिकरोडच्या रिक्षा अशा सुटतात की जणू मागे वाघ लागलाय, पण प्रचाराची रिक्षा मुद्दाम रेंगाळते, तिला पोचायचं कुठेच नसतं. सूट ना बाई, हिरव्या, सूट. नाही सुटला. वाक्य आलं. “ते घुसखोर कुठे लांब नाहीत, बंधूंनो. ते आपल्याच गल्लीत राहतात, आपल्याच साड्यांना फॉल-पिको करून देतात, आणि शटर अर्धं ओढून फोनवर काय बोलतात माहीत आहे? आठे आछे, आठे आछे!” आणि मग हशा. हशासुद्धा रेकॉर्ड झाला होता. शेजारच्या ॲक्टिव्हावरच्या माणसानं हेल्मेटची काच वर केली, वेदिकाकडे बघून ‘ऐकलंस का’ असं हसला, आणि वेदिका पण हसली. हसायचं तिनं ठरवलं नव्हतं. ओठच ताणले गेले, पाहुणे आल्यावर ताणले जातात तसे. हिरवा लागला, मागचे हॉर्न वाजायला लागले, तो माणूस गेला, पण ते हसू काही लवकर उतरेना. सायकल रेटत पुलाकडे जाताना तिला गाल दुखत असल्याचं कळलं.

आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो, हे विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं. आपण आपल्याला हाडातून ऐकतो, बाकीचे हवेतून. पण हा परकेपणा त्या प्रकारचा नव्हता. घरातलं मांजर शेजाऱ्यांकडे उंदीर मारताना दिसावं तसं काहीतरी झालं होतं. गेल्या वर्षापर्यंत वेदिकाला आवाजच नव्हता म्हटलं तरी चालेल. आठवीपर्यंत ती वर्गातली एक वस्तू होती, डस्टर असतो, खडू असतो, तशी तिसऱ्या बाकावरची वेदिका. नववीत स्नेहल मॅडमनी तिला वक्तृत्वासाठी उभं केलं, का ते देव जाणे, आणि तिच्यातून हा आवाज निघाला. मॅडमनी त्याला घासूनपुसून लख्ख केलं. व्यासपीठावर ‘झालं’ नाही म्हणायचं, ‘झाले’ म्हणायचं. ‘येतं’ नाही, ‘येते’. ‘श’ म्हणताना दात दाखवू नकोस. आणि उदाहरण नेहमी जवळचं द्यावं, लांबचं लोकांना पटत नाही. यंदा दहावीत आल्यावर तर तिला टाळीचं वेडच लागलं. टाळी आधी पोटात वाजते आणि मग कानात, हे ती उजमाला सांगायची, आणि उजमा म्हणायची, तुझ्या पोटात काहीही वाजतं. उजमा तिच्या शेजारच्या बाकावर बसते. बसायची. आज आलीच नव्हती. सोमवारी आली होती आणि म्हणाली होती, छान झालं म्हणे तुझं भाषण, सगळे सांगत होते. एवढंच. आणि नेहमीसारखा डबा पुढे सरकवायच्या ऐवजी झाकण उभं धरून जेवली होती, परीक्षेत शेजारी कॉपी करू नये म्हणून पेपर झाकतात तसं. वेदिकाला तेव्हा वाटलं होतं, जळतेय. खरंच तसं वाटलं होतं. आता ते आठवून तिचे कान इतके तापले की वाऱ्यानंही निवेनात.

त्या सभेला तिला बोलायला उभं करायचं बाबांच्या डोक्यात नव्हतं. बाबा मंडपवाले. रंगनाथ मंडप डेकोरेटर्स. दुसऱ्यांच्या सभांना बांबू पुरण्यात आणि दुसऱ्यांच्या नेत्यांखाली गालिचे अंथरण्यात त्यांची उमेद गेली, आणि यंदा महापालिकेची निवडणूक लागणार म्हटल्यावर त्यांना वाटलं, एकदा तरी आपण बांधलेल्या स्टेजवर आपण बसावं. यात चूक काय? वेदिकाला आजही त्यात चूक दिसत नव्हती. पण पक्षाचे मध्ये दोन तुकडे झाले होते. बाबा एका तुकड्यात गेले, त्यांचे पक्षातले दोस्त मनोजकाका दुसऱ्यात, महिनोन्महिने दोघांनी एकमेकांच्या घरचा चहा बंद ठेवला, आणि मग वरच्या लोकांनी दोन्ही तुकड्यांची गाठ मारली. दोघं पुन्हा एका सतरंजीवर आले. सतरंजी एक आणि तिकीटही एकच. मनोजकाका गावठाणातले, त्यांच्या आजोबांच्या नावाचा चौक आहे. बाबा सटाण्याच्या पलीकडच्या गावाहून आलेले. मनोजकाका कधी वाईट बोलायचे नाहीत. फक्त बाबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, “रंगाभाऊसारखा माणूस नाही, सोनं आहे सोनं, बाहेरचा असला म्हणून काय झालं.” हे ते प्रत्येक बैठकीत म्हणायचे. शहरभर घुसखोर शोधायची मोहीम निघालेली, रोज पेपरात कुठेतरी कुणाला तरी पकडल्याची बातमी, पक्षाच्या पोरांनी गाड्यांवर स्टिकर लावलेले, आणि बाबा आपल्याच प्रभागात बाहेरचे. मग बाबा त्या विषयावर सगळ्यांत मोठ्यानं बोलायला लागले. वेदिकाला आता हे गणितासारखं समोर दिसत होतं, तेव्हा दिसलं नव्हतं. तेव्हा एवढंच दिसलं की जिल्हाध्यक्ष येणार आहेत, बाबांचा घसा बसलाय, आणि बाबा गरम पाण्याचा पेला धरून कॉटवर बसलेत, एवढेसे होऊन. तीच म्हणाली होती, मी बोलू का. बाबांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते बघून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

भाषण तिला लिहून मिळालं होतं. इतिहास, संस्कृती, सीमेवरचे जवान, सगळं ठरलेलं. पण ते वाचताना तिला स्वतःलाच जांभई आली. त्यात जवळचं उदाहरण नव्हतं. म्हणून तिनं घातलं. कुणी सांगितलं नव्हतं, ना बाबांनी, ना मॅडमनी. आणि जवळचं म्हणजे किती जवळचं, तर शाळेच्या वाटेवरचं, जिथे शनिवारी दुपारी ती आईची निळी पैठणी आणायला गेली होती तेच. त्या पैठणीला फॉल लावून हवा होता, कारण सभेत वेदिका तीच नेसणार होती.

पुलाखाली उतरून तिनं सायकल त्याच गल्लीत घातली, तेव्हा लांबून, लष्कराच्या कॅम्पाच्या बाजूनं, तोफांचा सराव सुरू झाला. देवळालीच्या तोफा इथल्या माणसांना सवयीच्या, नवा पाहुणा दचकतो आणि इथला माणूस म्हणतो, काही नाही, तोफा आहेत. खिडक्यांची तावदानं दर खेपेला बारीक थरथरतात. त्या शनिवारी पण थरथरत होती. दुकानाचं शटर उन्हामुळे अर्धं ओढलेलं, आत जुलेखामावशी, उजमाची अम्मी, मशीनवर पाय चालवत आणि खांद्यानं फोन कानाशी दाबून कुणाशी तरी बोलत होती. ओढणीच्या खांद्यावर टाचण्यांची रांग, तिथेच टोचून ठेवायची तिची पद्धत. मशीन मध्येच थांबायचं, मध्येच धावायचं. आणि त्या थांबण्या-धावण्यात वेदिकानं ऐकलं, “नही नही, मी आठेच शे. आठे बरं शे, तू काळजी नको करू.” मग मावशीनं तिला पाहिलं, फोन ठेवला आणि म्हणाली, “ये माय, ये. भावाचा फोन होता. साडी बघ, नेत्याच्या वरचढ दिसशील.” आणि फॉलचे पैसे पुढे केले तेव्हा तिची मूठ मिटून तिच्याच छातीशी लावली होती, पहिलं भाषण ना मोठ्या लोकांत, राहू दे. ती मूठ. सायकलच्या हँडलवर तीच मूठ होती आत्ता.

शे. म्हणजे आहे. आपण पुस्तकात ‘आहे’ म्हणतो, सटाणा, बागलाण, तिकडे खानदेशात अहिराणी बोलणारी माणसं ‘शे’ म्हणतात. आठे म्हणजे इथे. मी आठेच शे, मी इथेच आहे. यात परदेशातलं काय होतं? रविवारी नेसलेल्या पैठणीच्या निऱ्या सावरत ती माइकसमोर उभी होती, वाक्य अगदी तोंडाशी आलं होतं, ‘आठे शे’ म्हणायला जीभ टाळूकडे निघाली होती. आणि वाटेत तिनं जीभ वळवली. ‘आठे आछे’. का वळवली? मोबाइलवर एक नकलाकार बांगलादेशी म्हणून असं बोलतो, लोक लोळून हसतात, ते आठवलं म्हणून? बरं, तसं म्हणू. मशीनच्या घरघरीत नीट ऐकू आलं नव्हतं, असंही म्हणू. रविवारपासून रोज झोपायच्या आधी ती असं काहीतरी म्हणतच होती. पण जीभ खोटं बोलत नाही, तिला तो वळण घेतल्याचा क्षण आठवत होता, तिच्या टोकाला अजून आठवत होता. ‘आठे शे’ म्हटलं असतं तर समोरच्या खुर्च्यांमधलं कुणीतरी म्हणालं असतं, अगं, ही तर आमच्या मामाच्या गावची बोली. कुणी हसलं नसतं. म्हणजे तिला ठाऊक होतं. ते ठाऊक होतं म्हणूनच तर तिनं ‘शे’चा ‘छे’ केला. चोर जसा दाराच्या कडीला आधी तेल लावतो, तसं तिनं त्या शब्दाला लावलं, वाजू नये म्हणून. आणि टाळी अशी पडली, अशी पडली, की जिल्हाध्यक्ष पाण्याचा पेला खाली ठेवून पुढे वाकले. पोटात वाजली आधी. मग कानात. तिला आवडली. शरमेची खरी गाठ इथेच होती, आणि तिथे बोट गेलं की ती दुसरीकडे बघायची.

शटर आजही अर्धंच होतं. आत दिवा नव्हता. उजमा मशीनच्या स्टुलावर बसली होती, पाय पायट्यावर होते पण चालत नव्हते. वेदिकानं सायकल उभी केली तरी तिनं मान वर केली नाही, चाकाच्या आवाजावरूनच तिनं ओळखलं असणार. मग कुणाला तरी बस कितीला आहे ते सांगावं तसं तिनं सांगितलं. सकाळी पोलीस आले, अम्मीला चौकीत घेऊन गेले. मनोजकाकांच्या पोरांनी अर्ज दिलाय, फॉल-पिकोवाली संशयास्पद भाषा बोलते, पडताळणी करा. अब्बू कांद्याची गाडी घेऊन लासलगावहून निघून गेलेत, फोन लागत नाही. आधार कार्ड दाखवलं तर म्हणाले, हे तर सगळेच दाखवतात, जन्माचं आणा. अम्मीच्या जन्माचं आणायचं कुठून, गावाला पिंजाऱ्याच्या घरात कापसाच्या ढिगाशेजारी जन्मली ती. वेदिका म्हणाली, मी जाते चौकीत. काय करणार ते तिलाही माहीत नव्हतं, पण गेल्या वर्षभरात तिला सवय झाली होती की उभं राहिलं की पुढचं आपोआप सुचतं. उजमानं आता वर बघितलं.

“तू नको जाऊस. तुला बघून अम्मी घाबरेल.”

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. अमुक रस्ता खणलाय, तिकडून नको जाऊस, असं सांगावं तशी ती म्हणाली. आणि मग स्वतःशीच म्हणावं तसं, “मामूशी पण हिंदीत बोलते आता. सोमवारपासून.” वेदिकाला मान हलवावीशी वाटली, माफी मागावीशी वाटली, मावशीनं मिटवलेली ती मूठ उघडून दाखवावीशी वाटली. एवढा खणखणीत आवाज, आणि त्याला गल्लीतल्या एका अंधाऱ्या खोलीत काही म्हणता येईना. तोफ झाली. शटर थरथरलं. ती निघाली.

चौकी गुरुद्वाऱ्याच्या अलीकडे होती आणि रस्ता सरळ होता, तरी ती मधल्या गल्ल्यांमधून गेली, आणि प्रत्येक गल्लीत तिला पहिलीचा वर्ग दिसत राहिला. का ते कळेना, इतक्या वर्षांत तो कधी आठवला नव्हता. किंवा आठवला होता, आणि तिनं पाय देऊन दाबला होता. शाळेचा पहिला आठवडा. बाई हजेरी घेत होत्या, सगळी मुलं ‘हजर बाई’ म्हणत होती, आणि तिचं नाव आल्यावर ती बाकावर उभी राहून मोठ्यानं म्हणाली होती, “मी आठे शे!” कारण घरात बाबा तसंच म्हणायचे. दिवे गेले की, ताप आला की, स्वप्नातून ती किंचाळून उठली की, अंधारातून तो जाडसर आवाज यायचा, मी आठेच शे माय, मी आठेच शे. जगातली सगळ्यांत भक्कम गोष्ट म्हणजे ते वाक्य, ते म्हटलं की भुतंसुद्धा जातात, मग हजेरीत का नाही म्हणायचं? वर्ग फुटून हसला होता. बाई पण तोंडावर पदर धरून हसल्या होत्या, वाईट हेतूनं नाही. मग कितीतरी दिवस पोरं तिला ‘शेशे’ म्हणायची, ए शेशे, इकडे ये. घरी येऊन ती बाबांच्या अंगावर ओरडली होती. तुम्ही घाण बोलता. तुमच्यामुळे मला हसतात. बाबा मंडपाचे दोर गुंडाळत बसले होते. दुसऱ्या दिवसापासून बाबा ‘आहे’ म्हणायला लागले. फोनवर गावाशी बोलायचं असलं की गच्चीवर जायला लागले. वेदिकाला आजवर वाटत होतं की बाबांनी राजकारणासाठी भाषा सुधारली. नाही बाई. ती तुझ्यासाठी सोडली त्यांनी, तू सहा वर्षांची असताना, तू सांगितलंस म्हणून. आणि रविवारी स्टेजवर, पैठणी नेसून, हजार माणसांसमोर, कोण कुणाला ‘शेशे’ म्हणत होतं?

चौकीसमोर ती भोंग्याची रिक्षाच उभी होती, पण बंद. आत एवढी गर्दी की टेबल दिसेना. मनोजकाका कोपऱ्यात भिंतीला टेकून, पक्षाची पोरं मोबाइल वर धरून, आणि बाबा. बाबा अर्ज करणाऱ्यांत नव्हते, पण श्रेय सगळं मनोजकाका घेऊन जातील म्हणून पांढरा शर्ट घालून धावत आले होते. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. “रंगाभाऊ बोलले, आम्ही करून दाखवलं,” मनोजकाका कुणाला तरी सांगत होते, आणि बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. बाकावर जुलेखामावशी. मशीनवरून उठवून आणलं होतं तिला, टाचण्या ओढणीवर तशाच. त्या कुणी काढल्या नव्हत्या आणि तिला काढायचं सुचलं नव्हतं. टेबलामागे हवालदार भिमाजी, पिकलेल्या मिशांचे, कंटाळलेले. वाईट माणूस नव्हता. ते तिला समजावणीच्या सुरात म्हणत होते की बाई, त्या भाषणात म्हणतात तसं एकदा बोलून दाखव, कुठली बोली आहे ते कळेल, तुझंही काम संपेल आणि आमचंही. मावशीनं मांडीवरचे हात घट्ट धरले.

“मी मराठी शाळेत शिकले आहे, साहेब. मला मराठी लिहिता-वाचता येते.”

“बघा बघा,” मनोजकाका म्हणाले, “कशी पाठ करून आलीय.”

वेदिकाच्या दप्तरात वक्तृत्वाची तीन प्रशस्तिपत्रकं होती. पाठांतराबद्दल त्यात खास उल्लेख होता. तिला वाटलं, आता या खोलीतल्या सगळ्यांना ती दप्तरातून दिसतायत. बाबांनी तिला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आला, सवयीनं, आणि मग तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. तू इथे कशाला, घरी चल, असं काहीतरी ते पुटपुटले. ती त्यांच्याकडे न जाता बाकाकडे गेली. गर्दीनं वाट दिली, स्टेजवर जाताना देतात तशी, कुणीतरी म्हणालं, हीच ती भाषणवाली. मोबाइल तिच्याकडे वळले. मावशीनं तिला बघितलं, आणि उजमा म्हणाली होती तेच झालं, तिचे खांदे आवळले गेले, आणि तिनं ओढणी पुढे ओढली. वेदिका बाकासमोर थांबली. ‘बंधूंनो’ नव्हतं म्हणायचं, ‘झाले’ नव्हतं, ‘येते’ नव्हतं. किती वर्षांनी ती तो शब्द तोंडात घेत होती, तिला चवच आठवेना, आणि आवाज निघाला तो वक्तृत्वाचा नाही, चिरका, पहिलीतल्या पोरीचा.

“मावशी, मी आठे शे.”

मावशी जमिनीकडे बघत होती. मनोजकाका भिंतीपासून सुटे झाले, हळूच, गोड आवाजात म्हणाले, रंगाभाऊ, ही कुठली भाषा शिकली लेक? आणि बाबा हसले. बाबांचं ते हसू वेदिकानं कधी बघितलं नव्हतं आणि तरी तिला ते ओळखीचं वाटलं, सिग्नलवर तिचे ओठ ताणले गेले होते अगदी तसं. “नकला फार छान करते ती,” बाबा म्हणाले. “शाळेत बक्षिसं आहेत.” आणि सगळे हसले. सुटका झाल्यासारखे, भरभरून. रविवारचाच हशा. तिनं खोटं बोलून मिळवला होता तो, आणि आता खरं बोलून पुन्हा तोच मिळाला. तिला वाटलं, आपण आता काहीही बोललो तरी हेच होणार, जन्मभर. नक्कल छान करते. तिथून निघून जाणं सोपं होतं. बाबांनी दार उघडून दिलं होतं, तिच्यासाठीही आणि स्वतःसाठीही, आणि त्यांचे डोळे तिला विनवत होते, मंडपाचा दोर धरलेल्या माणसाचे डोळे, तू सोडलास तर सगळं खाली येईल.

“नक्कल नाही,” ती म्हणाली. “हे बाबा बोलतात. अहिराणी आहे. मला झोपवताना बोलायचे. मावशी पण तेच बोलली होती, मी स्टेजवर ते वाकडं करून सांगितलं. मला माहीत होतं.”

शेवटचं वाक्य सांगायची गरज नव्हती. त्याच्याशिवायही चाललं असतं. पण ते आलं, आणि ते आल्यावर खोलीत आता हसण्यासारखं काही उरलं नाही. बाबा आपल्या बुटांकडे बघत राहिले. भिमाजी हवालदारांनी पेन ठेवलं आणि त्यांच्या तोंडून निसटलं, “तुना बाप कोनता गावना शे, पोरी?” त्यांनी पटकन मिशीवर हात फिरवला, पण शब्द बाहेर पडला होता. ते नांदगावचे होते. सकाळपासून ते या बाईसमोर बसले होते. भाषणाची क्लिप त्यांनी चारदा तरी ऐकली असणार. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एक पोरगा खाली बघून मोबाइल खिशात घालत होता, त्याची आजी कळवणची होती की काय कोण जाणे. या खोलीतल्या किती जणांना ठाऊक होतं, हा हिशोब वेदिकानं सुरू केला आणि सोडून दिला. मनोजकाका मात्र खुशीत होते. त्यांना हवं ते फुकट मिळालं होतं, बाबांच्या लेकीच्या तोंडून, कॅमेऱ्यासमोर. ते जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले, मी म्हणतच होतो, बाहेरचा असला म्हणून काय झालं. बाबांनी हात झटकला नाही. तिकीट तेव्हाच गेलं होतं, ते अधिकृतपणे जायला फक्त मुंबईहून फोन यायचा बाकी होता.

जा बाई, हवालदार म्हणाले, गावाहून दाखला मागवू, लागलं तर बोलवू. म्हणजे संपलं नव्हतं, नुसतं आजपुरतं झालं होतं. मावशी उठली. उठताना तिला टाचण्या दिसल्या आणि ती तिथेच उभं राहून एकेक काढून दुसऱ्या हाताच्या तळव्यात ठेवायला लागली, गर्दी थांबली आहे याचं भान नसल्यासारखी, की असल्यामुळेच. वेदिका तिच्या वाटेत उभी होती. लांब कॅम्पात तोफ झाली, चौकीच्या खिडकीची काच थरथरली, कुणी दचकलं नाही. वेदिकाला वाटलं, आता मावशी म्हणेल, चल माय. किंवा शिवी देईल. किंवा एकच कानाखाली. यातलं काहीही चाललं असतं, काहीही, फक्त त्या भाषेत. तिनं मावशीचा हात धरायला हात पुढे केला, पण त्या मुठीत टाचण्या होत्या.

“मावशी,” ती परत म्हणाली, “मी आठेच शे.”

जुलेखामावशीनं तिच्याकडे बघितलं. नीट, अनोळखी माणसाकडे बघावं तितक्या आदरानं.

“मला मराठी येते, ताई,” ती म्हणाली, आणि बाजूनं निघून गेली.

येते. ‘येतं’ नाही, ‘येते’. शब्दाची कड अशी कापलेली की स्नेहल मॅडमनी पैकीच्या पैकी दिले असते.